पेशीपटलातून जाणारे पाणी : संज्ञा आणि सिद्धान्त

चिरलेल्या काकडीला मीठ लावले की थोड्याच वेळात तिला पाणी सुटते. मनुका पाण्यात टाकल्या की त्या फुगतात. या दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरात पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहेत आणि त्या मुळात एकाच घटनेची दोन रूपे आहेत, हे मात्र पुष्कळ उशिरा ध्यानात आले. पातळ पडद्याच्या एका बाजूस शुद्ध पाणी आणि दुसऱ्या बाजूस द्रावण असेल, आणि पडदा पाण्याला वाट देऊन द्राव्याला अडवीत असेल, तर पाणी द्रावणाकडे जाते. या घटनेस मराठीत ‘परासरण’ किंवा ‘तर्षण’ म्हणतात. मराठी विश्वकोशाने ‘तर्षण’ ही संज्ञा स्वीकारली, शालेय पाठ्यपुस्तकांतून ‘परासरण’ रूढ झाले. एका घटनेस दोन नावे पडणे ही परिभाषेच्या प्रांतात नवलाची गोष्ट नव्हे. परंतु येथे ही दोन नावे पाणी कशामुळे हलते याविषयी दोन निराळ्या गोष्टी सुचवितात. आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांतही सुमारे पावणेदोनशे वर्षे जो वाद चालला तो बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरत होता. त्या वादाचा इतिहास त्यातील संज्ञांच्या आधाराने पाहिला असता अधिक स्पष्ट होतो.

या घटनेचे पहिले स्पष्ट वर्णन १७४८ सालचे आहे. पॅरिस येथील आबे झाँ-आंत्वान नोले हे द्रव पदार्थ उकळताना का खदखदतात याचा शोध घेत होते. त्यासाठी मद्यार्क हवेपासून अलग ठेवावयाचा म्हणून त्यांनी तो एका कुपीत भरला, तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाची ओली त्वचा ताणून बांधली आणि कुपी पाण्यात बुडवून ठेवली. पाच-सहा तासांनी पाहतात तो ती त्वचा बाहेरच्या बाजूस तट्ट फुगलेली. टाचणी टोचताच आतील द्रव कारंज्यासारखा उसळला. नोले यांनी मग प्रयोग उलटा केला. कुपीत पाणी भरून ती मद्यार्कात ठेवली, तेव्हा त्वचा आत दबली. यावरून त्यांनी अनुमान काढले की ही त्वचा मद्यार्कापेक्षा पाण्याला अधिक सहज वाट देते. अनुमान बरोबर होते आणि पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाचेही होते, कारण त्यात घटनेचे कारण पडद्याच्या गुणात शोधले होते. पण नोले यांचा विषय उकळण्याचा होता. त्यांनी या घटनेला नाव दिले नाही, आणि सुमारे पाऊण शतक ती नोंद जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

नाव दिले ते आंरी द्युत्रोशे यांनी. द्युत्रोशे (१७७६–१८४७) हे एका सरदार घराण्यातले; फ्रेंच राज्यक्रांतीत घराण्याची मालमत्ता गेली. पुढे ते वैद्यक शिकले, स्पेनमधील फ्रेंच सैन्यात वैद्य म्हणून राहिले, तेथे तापाने खंगले आणि परत येऊन तूरेन प्रांतात मातोश्रींजवळ राहून संशोधन करू लागले. जलीय बुरशीच्या सूक्ष्म पिशवीतून कण बाहेर पडत असताना तीत पाणी शिरत आहे, हे त्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसले. मग त्यांनी कोंबडीच्या आतड्याच्या पिशव्या दूध, डिंकाचे पाणी यांसारख्या द्रवांनी भरून पाण्यात ठेवल्या. पिशव्या फुगल्या, घट्ट झाल्या. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘जीवनगतीचे निकट कारण’ उघड केल्याचा दावा आहे. वनस्पतींतील रस वर का चढतो, पेशी ताठ का राहते, या सर्वांचे उत्तर आपल्या हाती लागले असे त्यांना वाटले.

द्युत्रोशे यांनी ग्रीक ‘ओस्मोस’ म्हणजे ढकलणे, रेटा, या शब्दावरून दोन नावे घडविली : आत जाणाऱ्या प्रवाहास ‘एन्दोस्मोस’ आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहास ‘एक्सोस्मोस’. या जोडीची दोन अंगे लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द पिशवीच्या, म्हणजे पर्यायाने पेशीच्या, ठिकाणी उभे राहून योजलेले आहेत. काचेच्या दोन भांड्यांमध्ये पडदा बसविला तर आत कोणते आणि बाहेर कोणते? त्यामुळे हे नाव जीवशास्त्राच्या पोटात जन्मलेले आहे हे त्याच्या घडणीवरूनच कळते. दुसरे असे की मुळातच रेट्याची कल्पना त्यात गृहीत धरली आहे. पाणी ढकलले जाते. मग ढकलणारा कोण? द्युत्रोशे यांनी प्रथम विजेकडे बोट दाखविले. त्या काळी विजेचे आकर्षण इतके होते की कोणत्याही अगम्य गतीचे कारण वीज असावे, असे मानण्याकडे कल होई. गणिती प्वासाँ यांनी केशाकर्षणाचे स्पष्टीकरण सुचविले. द्युत्रोशे यांनी पुढे विजेचा आग्रह सोडला. कारणाचा शोध असा फसला, तरी त्यांचे मापन फसले नाही. पडदा बांधलेल्या नरसाळ्यास लांब नळी जोडून त्यांनी एक मापक बनविला आणि द्रावण जितके अधिक घट्ट तितका रेटा अधिक, हे दाखवून दिले. शिवाय जिवंत पिशवीत जे घडते ते मृत प्राण्याच्या त्वचेतही घडते, म्हणून त्यासाठी निराळ्या प्राणशक्तीची गरज नाही, हा निष्कर्ष त्यांच्या प्रयोगांतून अपरिहार्यपणे निघत होता. ज्या ग्रंथाच्या नावात जीवनगती होती, त्यानेच त्या गतीचा एक मोठा भाग भौतिकशास्त्राच्या स्वाधीन केला.

स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रेअम यांनी १८५४ साली ‘एन्दो’ आणि ‘एक्सो’ ही दोन्ही उपपदे काढून टाकली आणि नुसते ‘ओस्मोस’ ठेवले. त्याचेच लॅटिन वळणाचे रूप पुढे इंग्रजीत ‘ऑस्मोसिस’ म्हणून स्थिरावले. ही केवळ काटछाट नव्हती. दोन विरुद्ध प्रवाहांची कल्पना त्यामुळे मागे पडली आणि एकच घटना, एकच बल, असा विचार पुढे आला. तथापि ग्रेअम यांचे स्वतःचे स्पष्टीकरण टिकले नाही. पडद्याच्या द्रव्यावर होणाऱ्या रासायनिक क्रियेतून हे बल निर्माण होते, असे त्यांचे मत होते. त्यांनी १८६१ साली दिलेल्या ‘कलिल’ व ‘अपोहन’ या अर्थांच्या संज्ञा मात्र आजही चालतात.

अडचण अशी होती की प्राण्यांची त्वचा हा पडदा फार बेभरवशाचा. ती कुजते, ताणली जाते, आणि साखरही थोडीफार पलीकडे जाऊ देते. ब्रेस्लाउ येथील मोरिट्झ ट्राउबे हे मद्याचा व्यापार सांभाळून रसायनशास्त्राचे संशोधन करीत. दोन द्रावणे एकमेकांस भेटताच त्यांच्या सीमेवर साक्याचे पातळ पटल तयार होते आणि ते पाणी जाऊ देते पण पुष्कळ द्राव्यांना अडविते, हे त्यांनी १८६७ साली दाखविले. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी याच पटलाला मातीच्या सच्छिद्र भांड्याचा आधार दिला. भांड्याच्या भिंतीत एका बाजूने मोरचुदाचे द्रावण व दुसऱ्या बाजूने पोटॅशियम फेरोसायनाइडचे द्रावण मुरविले की भिंतीच्या छिद्रांतच तांबूस तपकिरी पटल धरते. ते फाटत नाही, कारण माती त्याला सांभाळते. अशा भांड्यात साखरेचे द्रावण भरून फेफर यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने दाब मोजला. सुमारे १४ अंश तपमानास १ टक्का द्रावणाचा दाब पाऱ्याच्या ५३.५ सेंटिमीटर स्तंभाइतका भरला; २ टक्क्यांचा १०१.६, ४ टक्क्यांचा २०८.२, ६ टक्क्यांचा ३०७.५. हे आकडे १८७७ साली प्रसिद्ध झाले. साध्या गोड पाण्याने पुरुषभर उंचीहून अधिक पाऱ्याचा स्तंभ तोलून धरावा, हे तेव्हाच्या वाचकास अविश्वसनीय वाटले असल्यास नवल नाही. वनस्पतीचे कोवळे देठ ताठ का राहते आणि कोमेजते का, याचे उत्तर या आकड्यांत होते.

फेफर यांना पेशीची चिंता होती; आपल्या आकड्यांत रसायनशास्त्राचा एक नियम दडला आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. ते आले ॲम्स्टरडॅमचे याकोबुस व्हान्ट हॉफ यांच्या. त्यांचे सहकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी रस्त्यात गाठ पडली असता त्यांना फेफर यांच्या मापनांविषयी सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. द व्ह्रीस स्वतः पेशींचा तराजूसारखा उपयोग करीत होते. वनस्पतीची पेशी तीव्र द्रावणात ठेवली की तिचा जीवद्रव्याचा गोळा आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. तो ज्या सीमेवर सुटू लागतो ती सीमा गाठणारी निरनिराळी द्रावणे परस्परांशी समबल, म्हणजे ‘आयसोटॉनिक’ होत. व्हान्ट हॉफ यांनी १८८५ ते १८८७ या काळात असे प्रतिपादिले की विरल द्रावणातील द्राव्याचा तर्षणदाब हा तेच द्राव्य वायुरूपात तितक्याच जागेत असते तर त्याचा जो दाब झाला असता तितका असतो. या सूत्राने १ टक्का साखरेचा दाब काढला तर तो पाऱ्याच्या सुमारे ५२ सेंटिमीटर येतो. फेफर यांच्या मातीच्या भांड्याने ५३.५ दाखविला होता. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हान्ट हॉफ यांना मिळाले, त्यामागे हे काम होते.

या सूत्राने मोजणी पक्की केली, पण कल्पनेत एक नवा घोटाळा शिरविला. वायूशी असलेले साम्य गणिती आहे. त्यावरून पुष्कळांनी समज करून घेतला की साखरेचे रेणू वायूच्या रेणूंप्रमाणे भिंतीवर आदळून तो दाब निर्माण करतात. तसे असते तर पाणी आत का यावे हे कळत नाही. याच्या उलट दुसरा समज असा की द्रावणात पाण्याची ‘संहती’ कमी असते म्हणून पाणी अधिक संहतीकडून कमी संहतीकडे नुसते विसरण पावते. हे स्पष्टीकरण आजही वर्गांतून दिले जाते. त्याचे नाव सोयीचे आहे (जरी ‘विसरण’ हा शब्द मराठी कानाला विस्मरणाची आठवण करून देत असला तरी), पण ते पुरेसे नाही. खरे पाहता द्राव्य मिसळल्याने पाण्याचा रासायनिक विभव कमी होतो, दाब वाढविल्याने तो वाढतो, आणि दोन्ही बाजूंचा विभव सारखा होईपर्यंत पाणी वाहते. यात ढकलणारा कोणी नाही व ओढणाराही कोणी नाही.

या ठिकाणी भारतीय भाषांतील संज्ञांकडे वळणे योग्य होईल, कारण परिभाषा घडविणाऱ्यांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. ‘तर्षण’ हे संस्कृत ‘तृष्’ धातूपासून आलेले. त्यात द्रावणाला तहान लागली आहे आणि ते पाणी ओढून घेत आहे. ग्रीक नावात पाण्याला मागून रेटा आहे, संस्कृत नावात पुढून ओढ आहे. ‘परासरण’ हे ‘परा’ व ‘सृ’ यांचे बनलेले असून त्यात केवळ सरकत दूर जाण्याचा बोध आहे. ‘विसरण’ या नावाशी त्याचे नाते जुळावे हा हेतूही त्यात उघड दिसतो. गुजरातीने त्याच ‘सृ’ धातूला ‘आ’ हे उपसर्ग लावून ‘आसृति’ केले, तेव्हा दिशा बदलली. बंगालीतील ‘अभिस्रवण’ हे स्रवण्याचा, प्रवाहाचा निर्देश करते. तमिळने मात्र ‘सव्वूडु परवल्’ म्हणजे ‘पडद्यातून पसरणे’ असे नाव घेतले. या सर्वांत पडद्याचा उल्लेख करणारे हे एकच नाव आहे. ‘पसरणे’ हा भाग अपुरा असला तरी, पडद्यावाचून ही घटनाच नाही हे मर्म त्यात राखले गेले आहे. मराठी संज्ञांत निवड करावयाचीच तर ‘तर्षणदाब’ हा समास उच्चाराला सुटसुटीत आणि ‘तर्षण’ हे नाव स्मरणाला सोपे, पण त्यातील तहान ही उपमा आहे, कारण नव्हे, हे शिकविणाऱ्याने सांगितले पाहिजे. विशेष म्हणजे या दोन्ही घडीव शब्दांपेक्षा स्वयंपाकघरातील ‘पाणी सुटणे’ हा प्रयोग अधिक निर्दोष आहे. त्यातील क्रियापद अकर्मक असून ढकलणारा वा ओढणारा असा कोणताही कर्ता ते मागत नाही. पण ते एकाच दिशेचे आहे. फुगणाऱ्या मनुकेला ते लागू पडत नाही.

संज्ञांचा हा काथ्याकूट प्रयोगशाळेबाहेर निरर्थक वाटेल, पण वैद्यकात त्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत. वनस्पतीच्या पेशीला भित्तिका असते. रक्तातील तांबड्या पेशीला ती नसते. शुद्ध पाण्यात टाकली तर ती फुगून फुटते. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हार्टोख हाम्बुर्खर यांनी द व्ह्रीस यांची समबलाची कल्पना रक्ताला लावली आणि सस्तन प्राण्यांच्या रक्ताशी समबल असे मिठाचे द्रावण सुमारे ०.९ टक्का असते हे निश्चित केले. आज रुग्णालयात शिरेवाटे दिले जाणारे सलाइन ते हेच. त्याचा तर्षणदाब सात वातावरणांहून अधिक भरतो. म्हणजे शुद्ध पाणी थेट शिरेत सोडणे याचा अर्थ तांबड्या पेशींवर एवढ्या दाबाचा फरक लादणे होय. कलकत्ता येथे लेनर्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पटकीच्या रोग्यांना रक्तापेक्षा तीव्र सलाइन देऊन मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. परंतु सलाइनच्या बाटल्या, सुया व शिकलेले हात जेथे नाहीत तेथे काय करावे? आतड्याला पाणी शोषण्याचा स्वतंत्र पंप नाही. पाणी द्राव्यामागून जाते. आतड्याच्या पेशी सोडियम व ग्लुकोज ही जोडीने आत घेतात, असे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले होते. जोडी आत गेली की पाणी तर्षणाने मागोमाग येते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले. तेव्हा दिलीप महालनोबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाचे मिश्रण रोग्यांना तोंडाने पाजले. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजीत. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ३.६ टक्क्यांवर आले.

पाणी का जाते हे असे कळले. ते कोठून जाते हा प्रश्न मात्र अद्याप उभाच होता. अर्न्स्ट ओव्हर्टन यांनी १८९९च्या सुमारास दाखविले की मेदात विरघळणारी द्रव्ये पेशीत सहज शिरतात, म्हणून पेशीचे पटल मेदासारखे असावे. मग पाण्याने त्यातून कसे जावे? विसाव्या शतकात बहुतेकांचे मत असे होते की पाण्याचे रेणू लहान असल्याने मेदाच्या थरातून विसरणाने झिरपतात. या मताला पहिला धक्का बेडकाच्या कातडीने दिला. हेव्हेशी, होफर आणि क्रोग यांनी १९३५ साली जड पाण्याचे रेणू खुणेसारखे वापरून विसरणाचा वेग मोजला. तर्षणाने त्याच कातडीतून जाणारे पाणी त्यापेक्षा अधिक वेगाने जाते असे आढळले. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे भटकत पलीकडे जात असेल तर हे दोन वेग सारखे निघावयास हवेत. ते सारखे नाहीत, याचा अर्थ पाणी कोठेतरी ओळीने, एकत्र वाहत आहे. १९५७ साली सिडेल व सॉलोमन यांनी माणसाच्या तांबड्या पेशींवर केलेल्या मापनांतूनही सूक्ष्म वाटांचाच निर्देश झाला. पाऱ्याच्या संयुगांनी ही वाट बंद होते हे मेसी व फार्मर यांनी १९७० साली दाखविले. पारा प्रथिनांना चिकटतो, मेदाला नव्हे. तेव्हा वाट प्रथिनाची असली पाहिजे. रुमानियातील क्लुज येथे बेंगा यांनी १९८६ साली अशा प्रथिनाचा माग काढला होता, हेही नमूद केले पाहिजे, कारण पुढील इतिहासात ते नाव पुष्कळदा गाळले जाते.

प्रथिन अखेरीस हाती आले ते पीटर ॲग्रे यांच्या, तेही निराळे काही शोधताना. बाल्टिमोर येथे ते तांबड्या पेशींवरील ऱ्हीसस गटाच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यात २८ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन वारंवार भेसळीसारखे सापडे. नोले यांचे लक्ष उकळण्याकडे होते तसे यांचे रक्तगटाकडे. फरक एवढाच की ॲग्रे यांनी त्या भेसळीचा पिच्छा पुरविला. १९९२ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी या प्रथिनाची आज्ञा बेडकाच्या अंडपेशीत घातली. बेडकाची अंडी तळ्याच्या गोड्या पाण्यात टिकतात, कारण त्यांचे पटल पाण्याला फारशी वाट देत नाही. प्रथिन असलेल्या अंडपेशी विरल द्रावणात काही मिनिटांत फुगून फुटल्या. शेजारच्या साध्या अंडपेशी तशाच राहिल्या. पारा घालताच फुगणे मंदावले. या वाटेची सर्वांत अरुंद जागा सुमारे २.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढी आहे. एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू एकामागोमाग जातात, पण आम्लाचा प्रोटॉन त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. माणसाच्या मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून दीड-दोन लिटरच मूत्र बनते. उरलेले पाणी परत येते ते बहुतांशी अशा वाटांनी. शेवटच्या नलिकांतील वाटा एका संप्रेरकाच्या हुकुमाने पटलात बसविल्या व काढल्या जातात. ॲग्रे यांना २००३ साली रॉडरिक मॅकिनन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रथिनास १९९३ साली ‘ॲक्वापोरिन’ हे नाव मिळाले. लॅटिन ‘आक्वा’ आणि ग्रीक ‘पोरोस’ यांचा हा संकर शुद्धतावाद्यांना रुचणारा नाही. मराठीत त्यासाठी ‘जलछिद्र’ असा शब्द सहज सुचतो, पण तो टाळावा हे बरे. छिद्रातून काहीही जाते, आणि येथे तर पाण्यावाचून दुसऱ्या कशाला क्वचितच प्रवेश आहे. ‘जलमार्ग’ हा शब्द नौकानयनात आधीच अडकलेला आहे. ग्रीक ‘पोरोस’चा मूळ अर्थ भोक असा नाहीच, नदी जेथे पायी ओलांडता येते त्या जागेस तो शब्द होता, आणि तशा जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात.